थांबामास्तर आणि धुतलेल्या काचा

आमचे तारमास्तर पाठीवर कॅमेरा आणि खांद्यावर तीन पायांची लाकडी घोडी घेऊन चार-चार मैल चालत जात, माळावर घोडी उभी करत, डोक्यावर काळं कापड घेऊन तास-दीड तास आत राहत, आणि एकही फोटो न काढताच सगळं आवरून परत येत. "आज नाही," एवढंच म्हणत. महिन्यातल्या चार रविवारांपैकी तीनदा हे असंच व्हायचं. त्यांच्याबरोबर मी चार-पाच वर्षं हिंडलो आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस आम्ही काहीही न काढता घरी आलो. घरी विचारत, काय केलं आज? मी सांगत असे, थांबलो.

लोणावळ्याच्या स्टेशनात ते तारेच्या यंत्रावर बसत, म्हणून तारमास्तर. पण पाठीमागे साहेबापासून हमालापर्यंत सगळे त्यांना थांबामास्तर म्हणत. ढगाची सावली डोंगरावरून सरकेपर्यंत थांबा, वारा पडेपर्यंत थांबा, पलीकडच्या वावरातली म्हैस उठून जाईपर्यंत थांबा. पुढ्यात चहा ठेवला तरी म्हणत, "थांबा, निवू द्या." बुटका, काटक माणूस. डोक्याला काळी टोपी, अंगात उन्हाळ्यातही कोट, आणि कोटाच्या खिशात रुमालात गुंडाळलेली एक पिवळी काच. ती भिंगापुढे धरली की आभाळातले ढग उठून दिसतात, असं ते सांगत. बोलणं मात्र तारेसारखं, शब्द मोजून.

माणसाचा फोटो त्यांनी कधी काढला नाही. एकदा स्टेशनातले मोठे साहेब बदलून निघाले, तेव्हा सगळ्या स्टाफबरोबर एक फोटो हवा असं त्यांच्या मनात आलं. कॅमेरा स्टेशनातच होता, माणूसही होता. मास्तर टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मला डोंगर येतात. माणसं येत नाहीत." साहेबांनी पुण्याहून फोटोवाला आणवला. त्या फोटोत आम्ही सगळे आहोत, मास्तर नाहीत. ते तार खोलीत बसून राहिले.

या माणसाच्या हाताखाली मी शिकलो. मावळातला डोंगर आज कुणी मला उलटा करून दाखवला तरी मी नाव सांगेन. आणि माझ्या बायकोचा, यमुनेचा, माझ्याकडे एकही फोटो नाही. या दोन गोष्टी एकाच माणसामुळे झाल्या, आणि दुसरीत माझा वाटा त्याच्याहून मोठा आहे. याचा राग येतो का, असं मला विचारलं तर मी आत जाऊन बघून येतो आणि सांगतो, नाही. राग नाही, दुःखही नेहमीसारखं नाही. हात डोक्याखाली घेऊन फार वेळ झोपलं की तो आपला वाटेनासा होतो ना, तसं काहीतरी आहे.

मी तेव्हा माल-ऑफिसात कारकून होतो. मूळचा सुदुंबऱ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. शाळा शिकल्यामुळे रेल्वेत चिकटलो आणि बिऱ्हाड लोणावळ्यात केलं. दिवसभर पोत्यांवरचे नंबर वाचून डोळे विटायचे. एका रविवारी भुशीच्या तलावाकडे फिरायला गेलो तर हा माणूस काळ्या कापडात डोकं घालून उभा. मी बाजूला बसून राहिलो. तासाभरानं डोकं बाहेर आलं. मी म्हटलं, "मास्तर, मला हे शिकवाल का?" त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या चपलांकडे पाहिलं. "चालता येतं?" "येतं." "उभं राहता येतं?" "येतं की." "बघू," म्हणाले.

पहिले चार महिने त्यांनी मला एकही काच खर्चू दिली नाही. तेव्हा फिल्म आलेली होती, पण मास्तरांचं सगळं वीतभर लांबीच्या काचांवर. कॅमेऱ्याच्या पाठीमागे एक घासलेली काच असते, तिच्यावर समोरचा देखावा उमटतो, आणि तो उलटा उमटतो. आभाळ खाली, डोंगर वरून लोंबकळणारा. औंढ्याच्या माळावर मला कापडाखाली घालून त्यांनी विचारलं, "काय दिसतं?" मी म्हणालो, "लोहगड." "नाव कुणी विचारलं? काळं कुठं आहे सांगा. पांढरं कुठं आहे सांगा." मी चिडून बाहेर आलो. घामानं मान भिजली होती. म्हणालो, "मास्तर, लोहगडाला लोहगड नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?" ते शांतपणे म्हणाले, "नाव माहीत असलं की माणूस बघत नाही, गणपतराव. नुसता ओळखतो. पुन्हा आत जा." मी पुन्हा आत गेलो. दुसरं काय करणार?

पण शिकलो. उलट्या चित्रात नाव चिकटत नाही, हे हळूहळू कळायला लागलं. विसापूरची लांब पाठ, मधली खिंड, माळावरची एकटी बाभूळ, सगळ्यांचं वजन दिसायला लागलं. काळं एका बाजूला फार झालं की चित्र कलंडतं, ते अंगाला जाणवायला लागलं. मग एके दिवशी मास्तरांनी काच घातलेलं लाकडी घर माझ्या हातात दिलं. पिवळी काच पुढे, भिंगाचं भोक बारीक केलेलं, म्हणजे टोपण चार-पाच सेकंद उघडं ठेवायचं. सेकंद ते बोटांनी मोजत. तारेवर बसून बसून ती सवय लागलेली. डावा हात मांडीवर टकटक करी आणि उजवा टोपण धरून असे. पुढे मलाही तशीच सवय लागली. आजही कशाची वाट बघायची असली की माझी बोटं मांडीवर चालू होतात.

औंढ्याला धोंडूआबा म्हणून एक म्हातारा होता. आमची घोडी त्याच्याच वावराच्या बांधावर उभी राहायची, त्यामुळे त्याला वाटे की आपल्यावाचून हे काम होत नाही. आम्ही दिसलो की तो घरात जाऊन ठेवणीतलं पागोटं बांधून यायचा आणि थेट भिंगासमोर उभा राहायचा. मास्तर कापडाबाहेर डोकं काढून म्हणत, "आबा, जरा बाजूला." आबा चार पावलं सरके. "आणखी." आणखी चार. शेवटी एकदा म्हातारा कावला. म्हणाला, "मास्तर, आमी हितं ऱ्हातो. माजा बाप हितं, त्येचा बाप हितं. आन् हितलं चित्र काडताना आमालाच भाईर काडता व्हय?"

"आबा, माणूस हलतं. डोंगर हलत नाही."

"मी कुटं हलतो? धा वरसं झाली, पुण्याला बी गेलो न्हाई!"

मला हसू आवरेना. मास्तर हसले नाहीत. ते आबांजवळ गेले, त्यांचा दंड धरून त्यांना बाभळीखाली बसवलं, आणि परत येऊन मला म्हणाले, "डोंगराच्या चित्रात माणूस आलं की बघणारा डोंगर बघत नाही. कितीही लहान, कोपऱ्यात असो, त्याच्याकडंच बघतो. मग बाकीचं सगळं फुकट." हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की मी वहीत लिहून ठेवलं. त्या वाक्याच्या पाठीमागे काय आहे हे मला कळायला पुढे बराच काळ जायचा होता.

बिघडलेल्या काचेचं ते काय करत, हे सांगायला हवं. काचेवर चित्र उमटवण्याचं काम मास्तरांच्या न्हाणीत चाले, दार लावून, खिडकीला लाल कापड ठोकून. चित्र उमटलं की ते काच दिव्यासमोर धरत, आणि मनाला आली नाही तर म्हणत, "धुवा." धुवा म्हणजे पुसून टाका. कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा, काच त्यात बुडवून ठेवायची. थोड्या वेळानं वरचा पापुद्रा सुटायला लागतो. मग बोथट सुरीनं खरवडला की डोंगर, ढग, बाभूळ, सगळं मऊ सायीसारखं गोळा होऊन येतं आणि खाली स्वच्छ काच उरते. या काचा मास्तर बाजारातल्या अब्बासभाईंना देत. अब्बासभाई तसबिरी जडवत. मास्तर दुकानापुढून गेले की ते आतून हाक मारत, "या मास्तर! या आठवड्यात किती डोंगर बुडाले?" लोणावळ्यातल्या कितीतरी घरांत गणपती, दत्त आणि खंडोबा मास्तरांच्या बिघडलेल्या डोंगरांपाठीमागे बसलेले होते आणि त्या घरांतल्या माणसांना याचा पत्ता नव्हता.

यमुना आंबीची. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, कुसुम दीड वर्षाची होती. माझ्या या नादाला ती नावं ठेवत नसे, पण तिला त्यात काही कळतही नसे. रविवारी मी भाकरी न घेताच निघायचो, म्हणून कधी कधी ती पोरीला माझ्या बहिणीकडे, आक्काकडे ठेवून फडक्यात भाकरी बांधून माळापर्यंत यायची. त्या दिवशी मास्तरांची ड्यूटी होती, त्यांचा कॅमेरा घेऊन मी एकटाच गेलो होतो. औंढ्याच्या माळावर दोन तास थांबल्यावर लोहगडावर हवं तसं ऊन पडलं. मी टोपण काढलं, आणि बांधाआडून यमुना वर आली. माझ्याकडे बघून हसली. मी हात वर करून ओरडलो, "थांब!"

मला म्हणायचं होतं, पुढे येऊ नको. ती बिचारी जिथं होती तिथंच थांबली, अगदी भिंगासमोर. डोक्यावर भाकरीचं फडकं, एक हात फडक्याला, तोंडावर हसू, आणि श्वाससुद्धा घेतला नाही म्हणाली मागाहून. चार सेकंद. इतकं कुणी कधी थांबलेलं मी पाहिलं नाही.

काच उत्तम उमटली. लोहगड होता, ऊन होतं, आणि डाव्या कोपऱ्यात करंगळीच्या पेराएवढी यमुना होती, स्पष्ट. मास्तरांना दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि फार वेळ खाली केली नाही. मग म्हणाले, "चांगली होती. पण माणूस आलं. धुवा."

आता लोक विचारतात, आधी कागदावर एक छाप काढून ठेवायला काय झालं होतं? मीही विचारतो. बिघडलेल्या काचेचा छाप काढायचा नाही, हा मास्तरांचा नियम होता, आणि मला मास्तरांचा चांगला शिष्य व्हायचं होतं. दुसरं म्हणजे, मला वाटलं, आणखी काढू की. ती कुठं जाते?

काच मी घरी आणून धुतली. पाणी यमुनेनंच तापवून दिलं. धुण्याआधी मी तिला ती खिडकीशी धरून दाखवली. तशा काचेत सगळं उलट दिसतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. तिनं बराच वेळ शोधलं, मग बोट ठेवलं. "ही मी? आगं बाई! केस तर पार पांढरं झाल्यात माजं." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "म्हातारपनी मी अशी दिसनार व्हय? बरी दिसती की." मी हो म्हणालो आणि काच पाण्यात सोडली. ती शेजारी उकिडवी बसून बघत होती. पापुद्रा सुटायला लागला तशी म्हणाली, "गेले बगा मी." तिला त्यात काही वाटलं नाही. मलाही नाही.

त्यानंतर पाच महिन्यांनी विषमज्वरानं ती गेली. एकवीस दिवस ताप होता. त्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही, कारण आठवत नाही. आक्का कायमची राहायला आली, एवढं आठवतं. दिवस झाल्यावर मास्तर आले, ओसरीवर बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "गणपतराव, ती काच... धुतलीत?"

"धुतली."

"छाप?"

"नाही काढला. तुम्ही नको म्हणाला होतात."

मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते उठून गेले. जाताना जोड्यात पाय नीट गेला नाही, तसेच अर्धे जोडे ओढत गेले.

पुढच्या रविवारी ते दारात उभे होते, खांद्यावर घोडी. मी निघालो. त्या वर्षात आम्ही एकही रविवार चुकवला नाही. तुंग, तिकोना, राजमाची, नागफणी, सगळीकडे गेलो. मी कापडाखाली जायचो, उलटा डोंगर बघायचो, काळं कुठं आणि पांढरं कुठं ते बघायचो, बोटं मांडीवर चालू ठेवायचो. मला काही वाटत नसे. थांबायचा कंटाळा नाही, भूक नाही, ऊन लागत नाही. आयुष्यात काढलेली माझी सगळ्यात चांगली चित्रं त्या वर्षातली आहेत, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. मास्तर ती बघत आणि मान हलवत, चांगलं म्हणत नसत. एकदाच म्हणाले, "फार स्थिर येतंय सगळं." ते कौतुक होतं की काळजी, मी विचारलं नाही.

घरात मात्र एक गोष्ट बोचत होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती. कुसुम मोठी होत होती. तिला आईचं तोंड आठवत नव्हतं, आणि दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं. आक्का म्हणायची, "यमुनाचं नाक सरळ हुतं, रंग गव्हाळ हुता." पोर ऐकून घ्यायची. नाक सरळ आणि रंग गव्हाळ यातून पोरीला आई कशी दिसणार?

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी दुपारी मास्तर घोडी न घेता आले. हातात फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली एक काच होती. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "ही आमची," म्हणाले. "सतरा वर्षं झाली, मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. तुंगार्लीच्या चढावर मी राजमाची काढत होतो. ही मध्ये आली. तेव्हापासून माणूस घेतलं नाही." एवढी लांब तार त्यांनी आयुष्यात कधी पाठवली नसेल. मग थांबून म्हणाले, "कितीदा धुवायला काढली. पाणी तापवतो आणि ओतून देतो. तुम्हाला तुमची धुवायला लावली. माझी ठेवली. हे बरोबर नाही, गणपतराव. तुम्ही धुवा. तुमच्या हातानं. मी इथं बसतो."

मी काच घेतली आणि आत गेलो. खोटं कशाला बोलू, धुवायचीच असं मनात होतं. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं आणि तो राग होता. हा माणूस सतरा वर्षं आपली सांभाळून बसला आणि मला एका शब्दात धुवा म्हणाला! मी चूल पेटवली, पाणी तापवलं, सोडा टाकला. मग काच खिडकीशी धरली. दूर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, आणि पुढे एक बाई. पदर वाऱ्यावर गेलेला, तोंड वळता वळता पुसट झालेलं. चेहरा असा नाहीच, चेहऱ्याची जागा फक्त. आणि केस पांढरे. यमुना म्हणाली होती तसे पार पांढरे.

बाहेरून मास्तरांचा आवाज आला, "झालं का?" थोड्या वेळानं पुन्हा, "झालं का हो?" त्या दिवशी थांबामास्तरांना थांबवत नव्हतं.

माझ्या धुतलेल्या काचा एका खोक्यात होत्या, सात-आठ. अब्बासभाईंना मी त्या दिल्या नव्हत्या. यमुना गेल्यावर तर देववेनात, कारण त्यातली कोणती तिची हे मला ओळखता येत नव्हतं. सगळ्या सारख्याच स्वच्छ. त्यातली हाताला आली ती एक उचलली, सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि ठिबकती बाहेर नेऊन मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. पलीकडे आमची तुळस दिसत होती, रस्ता दिसत होता. "स्वच्छ झाली," म्हणाले. फ्लॅनेलनं पुसली, गुंडाळली, छातीशी धरून घेऊन गेले. अब्बासभाईंनी पुढे मला सांगितलं, मास्तरांनी ती आपल्या घरातल्या खंडोबाला लावून घेतली, आणि ती जडवताना समोर बसून होते.

त्यांची काच माझ्याकडे राहिली. तिचा एक छाप मी उन्हात काढला. एवढंच वाटलं की एका घरात हे होऊन गेलंय, दुसऱ्यांदा माझ्या हातून नको. छाप पेटीत कपड्यांखाली ठेवला. तो कुसुमनं शोधून काढला. चार वर्षांची होती. दोन्ही हातांत धरून ओसरीवर आली आणि तिनं विचारलं, "बाबा, ही आई?"

आक्का दारात सूप घेऊन उभी होती. तिनं छापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं. मी म्हणालो, "हो."

पोर आत पळाली. आक्का सुपातल्या तांदळाकडे बघत हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरीला कुनीतरी दिसू दे. न्हाईतर ती हाक कुनाला मारंल?" दुसऱ्या दिवशी तिनंच तो छाप अब्बासभाईंकडे नेऊन जडवून आणला आणि माजघरात लावला. कुसुम रोज त्याच्यापुढे एक फूल ठेवायला लागली. परकराची ओटी करून बाहेरून काय काय आणायची, तगर, घाणेरी, कधी नुसता पाला. तेव्हापासून मास्तरांना मी ओसरीच्या आत येऊ दिलं नाही. कधी आक्काला बरं नाही म्हणायचो, कधी आतमध्ये पसारा म्हणायचो. तेही आग्रहाचे नव्हते.

कुसुमला मी आजवर हे सांगितलेलं नाही. तिच्या लग्नात ती तसबीर तिच्याबरोबर गेली. तिच्या मुली त्या फोटोतल्या बाईला आजी म्हणतात, आणि थोरलीचं नाक तिच्यावर गेलंय असंही त्यांच्या घरात म्हणतात. आता ती हे वाचेल. रागावली तर रागावू दे, तिचा हक्क आहे.

मास्तर पेन्शनीत निघाले तेव्हा कुसुम पाच वर्षांची होती. ते कोकणात पुतण्याकडे जाणार होते. निघायच्या दिवशी कॅमेरा, घोडी आणि काळं कापड घेऊन ते माझ्याकडे आले. मी घरी नव्हतो, कोपऱ्यावर वाण्याकडे गेलो होतो. आक्का म्हणाली नसेल आत या म्हणून, पण कुसुमनं त्यांचा हात धरला आणि थेट माजघरात नेलं. मी परत आलो तर ओसरीवर घोडी भिंतीला टेकवलेली आणि आत मास्तर तसबिरीसमोर उभे. टोपी हातात. मी उंबऱ्यात थांबलो. पुढे जाववेना, मागे फिरवेना.

कुसुम त्यांना सांगत होती, "ही माझी आई. देवाघरी गेली."

मास्तरांचा डावा हात मांडीवर होता आणि बोटं चालू होती, टोपण उघडं असल्यासारखी. मी ती मोजली. चार, पाच, सहा, आणि पुढे मला मोजवेना.

"आजोबा, हा फोटो कुणी काढला?"

"मी काढला," मास्तर म्हणाले.

"मग आईचं तोंड असं पुसट का?"

त्यांनी खाली वाकून पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. वळून माझ्याकडे पाहिलं नाही, पण मी आहे हे त्यांना माहीत होतं.

"हलली, बाळ. मी थांबायला सांगितलं होतं. थांबली नाही."

मग त्यांनी काळ्या कापडाची नीट घडी केली, बाहेर येऊन माझ्या हातात दिली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. गाडीला अजून दीड तास होता, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं.